यंत्राचा केसपेपर

रात्रपाळीचा डॉक्टर वॉर्डात आला की आधी केसपेपर हातात घेतो. कोणत्या खाटेवर कोण आहे, कोणते औषध चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्यात असते. शुद्धीवर असलेला रुग्ण यातले बरेचसे स्वतःच सांगतो. बेशुद्ध रुग्ण काहीच सांगू शकत नाही. त्याच्या बाबतीत कागदावर जे लिहिले असेल, तेवढेच डॉक्टरला ठाऊक असते. तिथे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहायची राहून गेली, तर जिवावर बेतू शकते.

रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर, सलाइनचा पंप किंवा व्हेंटिलेटर चालू होतो, तेव्हा त्याच्या आतही असाच प्रश्न उभा राहतो. अशा उपकरणात एक छोटा संगणक दडलेला असतो. अनेक यंत्रांत त्यावर लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. वीज मिळाली की कर्नल जागा होतो. पण आपण कोणत्या शरीरात जागे झालो आहोत, हे त्याला माहीत नसते. मेमरी किती आहे, पडदा कुठे जोडला आहे, तापमान मोजणारा सेन्सर कोणत्या तारांवर आहे, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

घरच्या संगणकात हे काम सोपे असते. पेन ड्राइव्ह लावला की तो स्वतःहून आपली कंपनी आणि आपला क्रमांक सांगतो. आतली बरीचशी कार्डेही विचारल्यावर ओळख देतात. ते बोलणारे रुग्ण. छोट्या उपकरणांतले बहुतेक भाग मात्र बेशुद्ध रुग्णासारखे गप्प असतात. दोन तारांवर बसलेला तापमानाचा सेन्सर ‘मी इथे आहे’ असे कधीच म्हणत नाही. कर्नलने अंदाजाने एकेका पत्त्यावर हाका मारत सुटावे, तर भलत्याच भागाला भलताच आदेश जाण्याची भीती.

यावरचा पूर्वीचा उपाय म्हणजे प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या प्रोग्राममध्येच लिहून टाकणे. मोबाइल आणि छोट्या उपकरणांतल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी वर्षानुवर्षे हेच चालले. कंपन्या वाढल्या, बोर्ड वाढले आणि जवळपास सारख्याच मजकुराचा ढीग साचत गेला. मार्च २०११मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या गोंधळावर जाहीरपणे राग व्यक्त केला. त्यानंतर एआरएमच्या जगाने झपाट्याने वेगळी वाट धरली. ती वाट म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’.

कल्पना तशी जुनीच. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संगणकांत ती आधीपासून होती आणि १९९४मध्ये ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने तिला आयईईईच्या मानकाचे रूप मिळाले. पुढे पॉवरपीसी प्रोसेसरवरील लिनक्सने तिचे आटोपशीर रूप वापरात आणले. डिव्हाइस ट्री म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणारी वेगळी फाइल. ती झाडासारखी रचलेली असते. मुळाशी बोर्ड, त्याच्या फांद्यांवर प्रोसेसर, मेमरी आणि तारांचे जोड, आणि त्या जोडांच्या टोकांना एकेक भाग. ‘कंपॅटिबल’ या नोंदीत तो भाग कोणत्या जातीचा आहे हे लिहिलेले असते. त्यावरून कर्नल योग्य ड्रायव्हर निवडतो. ‘रेग’ या नोंदीत त्याचा पत्ता असतो. ही फाइल माणसाला वाचता येते. तिचे यंत्राला समजेल असे रूप करून, सुरू होताना ते कर्नलच्या हाती दिले जाते. डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या लिनक्स ३.७पासून एकच कर्नल निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम प्रोसेसरवर चालवण्याची सोय झाली. डॉक्टर तोच, केसपेपर मात्र रुग्णागणिक वेगळा.

आता केसपेपरच चुकला तर? पत्ता चुकीचा लिहिला, तर तो भाग सापडत नाही आणि बिघाड लगेच लक्षात येतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी. चिप किती तापली की यंत्र बंद करायचे, हेही याच फाइलमध्ये लिहितात, आणि तेही अंशाच्या हजाराव्या भागांत. ९५ अंश सांगायचे असेल तर ९५००० लिहावे लागते. कुणी नुसते ९५ लिहिले, तर यंत्र सुरू होता होताच बंद पडेल. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत पाहिलेल्या कोणत्याही परिचारिकेला हा प्रकार ओळखीचा वाटेल.

खरा धोका असतो तो मुकाट चुकांचा. बॅटरीतून किती प्रवाह जातो हे मोजणाऱ्या चिपसोबत एक लहानसा रोधक असतो आणि त्याचे मूल्य डिव्हाइस ट्रीमध्ये नोंदवायचे असते. समजा, बोर्डावर १०० मिलिओमचा रोधक आहे आणि फाइलमध्ये १० लिहिले गेले. पडद्यावर प्रवाह दहापट दिसेल. इशाऱ्याचा आवाज येणार नाही, यंत्र बंदही पडणार नाही. आकडा मात्र खोटा असेल. आता या फाइल तपासणारी साधने आली आहेत. नोंद नियमात बसते की नाही हे ती सांगतात. बोर्डावर खरोखर तोच रोधक बसवला आहे का, हे मात्र त्यांना दिसत नाही.

सॉफ्टवेअर आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यातल्या अशा अंतराची किंमत वैद्यकाने आधीही मोजली आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्रामुळे सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरणोत्सर्गाचा मारा बसला. त्यातले काही दगावले. त्या काळी लिनक्स नव्हते. पण आधीच्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरच्या चुका अडवणारे यांत्रिक अडसर होते, ते नव्या यंत्रात काढून टाकले होते. सॉफ्टवेअरचा बराच भाग मात्र जुन्यावरूनच घेतलेला होता.

म्हणून रुग्णालयांसाठी धडा साधा आहे. यंत्राचा मुख्य बोर्ड बदलला किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत केले, की ‘चालू झाले’ एवढ्यावर ते वॉर्डात परत घेऊ नये. बायोमेडिकल इंजिनिअरकडून ज्ञात मूल्यांशी ताडून तपासणी करून घ्यावी आणि कॅलिब्रेशनची नोंद तारखेसह ठेवावी. बॅटरीवर यंत्र खरोखर किती वेळ चालते, तेही पाहावे. पडद्यावरचा आकडा आणि खाटेवरचा रुग्ण यांचा मेळ बसत नसेल, तर आधी रुग्णाला तपासावे आणि मग यंत्राला. उपकरणामुळे अपाय झाल्याचा संशय असेल, तर देशात २०१५पासून सुरू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे ते कळवता येते.