दगडातलं शेवाळ

अब्बांच्या चांदीच्या अंगठीत अकीक होता. दुधी खडा, आत काळसर फांद्या. लहानपणी मला तो तडकलेला वाटे. ‘नितळ खडा बसवून घ्या,’ असं मी एकदा म्हणालो. ते नुसते हसले.

या फांद्यांना लोक शेवाळ म्हणतात. पण त्यात वनस्पती मुळीच नसते. दख्खनचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यापासून झाला. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पाथरवटाच्या लेखी ही खोटच! पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत थराथराने साचली, तोच अकीक. मँगनीज आणि लोहाची संयुगं त्यात फांद्यांसारखी पसरली.

खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासत आले आहेत. दगड कुठे कापला तर झाड पुरतं दिसेल, हे आधीच ताडावं लागतं. अंदाज चुकला, तर फांदी अर्ध्यात तुटते.

अब्बा गेल्यावर ती अंगठी मला सैल झाली. सोनार म्हणाला, ‘खडा डागी आहे, बदलून देऊ?’ मी म्हटलं, ‘खडा राहू द्या, अंगठी तेवढी माझ्या मापाची करा.’