शेऱ्याचा रकाना

गेल्या पाडव्याला सांगलीहून भाचा आला, तो फराळाच्या डब्याबरोबर लॅपटॉप घेऊनच. सांगलीत त्याचे शेतीपंप, पाइप आणि सुट्या भागांचे दुकान आहे. वडिलांनी एका गाळ्यात सुरू केलेले. आज मागे मोठे गोदाम आहे आणि अठरा माणसे कामाला आहेत. चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "मामा, धंद्यात एआय आणतोय. गिऱ्हाइकाच्या चौकशीला मशीनच उत्तर देणार, अगदी रात्री बारा वाजतासुद्धा. कोणता माल कधी मागवायचा, कुणाला उधार द्यायचं, तेही तेच सांगणार. तुम्ही बँकेत कॉम्प्युटर येताना पाहिलात. काय तयारी करायची, तेवढं सांगा."

त्याने तयारीचे विचारले, याचेच मला कौतुक वाटले. एरवी सगळा मामला 'पी हळद आणि हो गोरी' असाच असतो. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. मला एक जुने लेजर आठवत होते.

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ साली. त्या सुमारास मी नोकरीत नवा होतो. कॉम्प्युटर येणार म्हणजे आपली खुर्ची जाणार, या धास्तीने घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. पुढे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग कॉम्प्युटर आले. सन २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरातून सुमारे एक लाख माणसे घरी गेली. आमच्या शाखेतला पेन्शनच्या काउंटरवरचा जुना कारकूनही त्यांत होता. निरोपाला आम्ही त्याला शाल आणि श्रीफळ दिले.

त्यानंतर वर्षभरात शाखेचे सगळे काम कॉम्प्युटरवर न्यायचे ठरले. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकाउंटंट होतो. लेजरमधल्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळल्याशिवाय आकडे यंत्रात भरायचे नाहीत, असा दंडक होता. दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो आहोत. अखेर सगळे पैशाला पैसा जुळले. तसा दाखला मी स्वतःच्या सहीने दिला आणि लेजरे बासनात बांधून माळ्यावर टाकली.

चार महिन्यांनी एक वृद्ध बाई आल्या. नवऱ्यामागे मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन त्यांच्या खात्यात जमा व्हायचे. खाते रिकामे होते. व्यसनी मुलगा दमदाटी करून चेकवर आईची सही घेई आणि पैसे उचलून नेई. सही खरी, चेक बिनचूक. नियमाने बँकेची चूक नव्हतीच. बाई भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं ना?"

मी माळ्यावरून लेजर काढले. पानाच्या डोक्यावर त्या कारकुनाच्या हातचा लाल शाईतला शेरा होता : 'चेक घेऊन मुलगा आल्यास बाईंना समक्ष बोलावून विचारावे.' तो शेरा आकडे भरताना एका पोराने मला दाखवला होता. "कॉम्प्युटरमध्ये याला रकाना नाही," असे सांगून मीच तो सोडून द्यायला लावला होता.

भाच्याला मी हे सांगितले आणि म्हणालो, "तुझं गोदाम दाखव."

दिवाळीनंतर सांगलीला गेलो. मालाच्या यादीत ६२०३ नंबरचे एकच बेअरिंग चार नावांनी होते. यंत्राच्या लेखी ते चार निरनिराळे माल! एकाची शिल्लक शून्य दिसली की ते नवा माल मागवायला सांगणार, दुसऱ्या नावाने फळीवर शंभर नग पडलेले असताना. म्हणजे पहिले काम यादी साफ करण्याचे. त्याला यंत्र लागत नाही, चिकाटी लागते.

दुसरी गोष्ट उत्तरांची. हे यंत्र अफाट मजकुरावरून शिकते आणि शब्दापुढे कोणता शब्द शोभेल हे ताडून वाक्य जुळवते. त्यामुळे ते चुकीचेही तितक्याच ठामपणे सांगते. कॅनडातल्या 'एअर कॅनडा' कंपनीच्या अशाच यंत्राने एका प्रवाशाला, घरातल्या मृत्यूनिमित्त केलेल्या प्रवासाची भाडेसवलत मागाहूनही मागता येते, असे सांगितले. नियम तसा नव्हता. यंत्र आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. तिथल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, ही रीत उगीच नव्हती. यंत्राने मसुदा करावा. भाव, उधारी आणि हमी यांवर सही माणसाचीच हवी.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि येणी कुणा बाहेरच्याच्या यंत्रात ओतण्याआधी विचार करायचा. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आहे. पण कायद्याच्याही आधी विश्वास येतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे गोदामातले अण्णा. तीस वर्षांची नोकरी, कानावर पेन्सिल. भाच्याच्या मनात त्यांना मार्चअखेर निरोप द्यायचे होते. मी अण्णांना उधारीची यादी दाखवली. एका शेतकऱ्याच्या नावापुढे आठ महिन्यांची थकबाकी होती. यंत्राने त्याला बुडव्यांतच काढले असते. अण्णा म्हणाले, "त्यो उसाचं बिल आलं की देतोय, साहेब. वीस वर्षांत एक रुपाया बुडवला नाही." पुढच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याच्या विहिरीचं पाणी खारं. लोखंडी पाइप मागितला तरी देऊ नका, गंजतोय."

भाचा गप्प झाला. मग त्याने पंधरा दिवसांचा बेत रद्द करून सहा महिन्यांचा केला. सुरुवात फक्त मालाच्या यादीपासून, बाकीचे नंतर. अण्णांचा निरोपही लांबला.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा अण्णा खुर्चीवर बसून सांगत होते आणि कॉमर्स झालेली एक मुलगी टाइप करीत होती. मध्येच थांबवून अण्णा तिला म्हणत, "आसं न्हवं पोरी, नीट लिही." पडद्यावर नाव, गाव, येणे असे रकाने होते आणि शेवटी एक रुंद रकाना नवा केलेला होता. त्याच्या डोक्यावर लिहिले होते : शेरा.

त्या बाईंचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.