किल्लारीनंतरची घरे : सातबाऱ्याच्या मापाने पुनर्वसन

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांत जीव घेतला तो मुख्यतः घरांनीच. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर अंथरलेल्या मातीचे जड माळवद, अशी ती बांधणी होती. कुडाच्या किंवा छपराच्या घरांतली माणसे त्या मानाने वाचली. त्यामुळे घराचे नुकसान मोजायचे तर ते बहुतांशी माळवदवाल्यांचे होते. रोजगार बुडाला, घरातले कर्ते माणूस गेले, हे नुकसान मात्र सगळ्यांचेच होते.

जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला आणि गावांची प्रतवारी झाली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे ‘अ’ गटात गेली. त्यांचे नव्या जागी स्थलांतर करून तयार घरे द्यायची, असे ठरले. ‘ब’ गटातल्या गावांत जागच्या जागी पुनर्बांधणी, तर ‘क’ गटातल्या लाखांच्या घरातील घरमालकांना दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी नुकसानीच्या श्रेणीनुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपये.

वाटपाचा खरा कळीचा नियम ‘अ’ गटात होता. घर किती मोठे मिळणार, हे कुटुंबाच्या नावावर जमीन किती यावर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यापुढे ७५०. बैलबारदाना, धान्याच्या कणगी आणि औजारे ठेवायला शेतकऱ्याला जास्त जागा लागते, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण मजुराच्या घरातली माणसे जमीन नाही म्हणून कमी होत नाहीत. आठ जणांचे भूमिहीन कुटुंब २५० फुटांत राहिले आणि उतारा मोठा असला की चौघांना ७५० फूट मिळाले, तरी कागदावर वाटप बिनचूकच होते.

एकत्र कुटुंबांची अडचण वेगळी होती. एका माळवदाखाली तीन भावांच्या तीन चुली, पण सातबारा वडिलांच्या नावावर. मग कुटुंबे किती धरायची? महसुली दप्तराला चूल दिसत नाही, खातेदार दिसतो. नव्या गावठाणांत अनेक ठिकाणी एका मापाची घरे एका बाजूला गेली आणि पूर्वीचे भाऊबंद, शेजार, वाडा-गल्ली मोडली. गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पसरले; जुन्या शेतापर्यंतचे अंतर वाढले, ते सर्वांत जास्त पायी जाणाऱ्यांना भोवले. तरीही एक बाजू नाकारता येत नाही : ज्यांना कधीच पक्के घर मिळाले नसते अशा कित्येक भूमिहीनांना ते फुकट मिळाले. याच धांदलीत देणगीदारांनीही गावे दत्तक घेतली. बाणेगावात ‘मलयाळ मनोरमा’ वृत्तपत्राने लॉरी बेकर यांच्या आराखड्याने घरे बांधली. दाता कोण लाभला, यावर घराचा दर्जा बदलत असे, आणि हे शासनाच्या कुठल्याच निकषात बसणारे नव्हते.

‘क’ गटात चित्र उलटे होते. रक्कम तुटपुंजी होती, पण ती हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती पडे आणि निर्णय त्याचा असे. तडे भरण्यापेक्षा अनेकांनी एक नवी खोली बांधणे पसंत केले. दगडाची धास्तीच इतकी बसली होती! माहिती गावापर्यंत पोचवण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावी महिला ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. कोणाला किती रक्कम मंजूर, पुढचा हप्ता कशावर अडला, बांधकामात कोणती खबरदारी घ्यायची, हे त्या घरोघर सांगत. ‘अ’ गटात आधीच ठरलेल्या मापाला हरकत घ्यायला जागा कमी होती. इथे निदान नियम काय आहे ते विचारता येत होते.

२००१मध्ये भूज हादरल्यावर गुजरातेत बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले आणि मालकाच्या हाती पैसे देऊन जागेवर बांधणीचा मार्ग मुख्य ठरला. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने कलम ६१ अन्वये लिंग, जात, समुदाय, वंश आणि धर्म यांवरून मदतीत भेदभाव करण्यास मनाई केली. या यादीत जमीनधारणा नाही. पिकांच्या नुकसानीची मदत आजही उताऱ्यानेच मोजली जाते, फक्त तिला हेक्टरची कमाल मर्यादा असते : केंद्राच्या निकषात दोन, महाराष्ट्राने काही आपत्तींच्या वेळी वाढवून तीन केली. बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ती रक्कम जमीनमालकाच्या खात्यात जमा होते.