काटा आधी पारखून घ्यावा

थंडी पडू लागली की शनिवारी सकाळी पुण्याहून दक्षिणेकडे निघालेल्या गाड्यांच्या डिकीत डोकावून पाहावं. तंबू, सतरंज्या, मुलांची बॅट, मसाला लावून डब्यात भरलेली कोंबडी आणि कोळशाची पिशवी. काही गाड्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळतात, काही कापूरहोळहून भोरकडे. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण तोंडात बसलेलं वेल्हे काही लगेच सुटत नाही. पानशेत, गुंजवणी, भाटघर अशा जलाशयांच्या काठी रात्री जागोजागी निखारे फुललेले दिसतात.

अशाच एका रात्री भाटघरच्या काठी आमची दोन कुटुंबं उतरली होती. निखाऱ्यावर तंगड्या भाजून कंटाळलेल्या मला त्या वर्षी धुरावर मांस शिजवण्याचा नाद लागला होता. झाकणाची लोखंडी भट्टी, त्यात मंद निखारे, वर आंब्याच्या लाकडाचे ढलपे आणि तीन-चार तासांचा संयम, असा हा प्रकार. सोबतीला मी एक बिनतारी थर्मामीटर विकत घेतला होता. त्याची सळई मांसात खुपसायची, झाकण लावायचं आणि आपण खुशाल गप्पा मारत बसायचं. आतलं तापमान मोबाईलवर दिसतं. ७४ अंश झाले, शिट्टी वाजली, मुलांनी टाळ्या पिटल्या, मी ऐटीत कोंबडी वाढली.

जेवण अर्ध्यावर आल्यावर कंदिलाच्या उजेडात दिसलं की हाडाजवळचं मांस कच्चं, चिकट होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माझी सात वर्षांची भाची उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, नक्की कशामुळे ते सांगता येणार नाही. पण बहिणीने मला एका शब्दानेही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

ज्यांच्या शेतात आमचे तंबू होते, त्या मामांचा चौकशीचा फोन आला. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, आमी भोरच्या बाजारात तांदूळ घिऊन जातो, तवा आदी रिकामा काटा बघतो. रिकामा असताना शून्यावर नसंल, तर पोतं चढवायचंच न्हाय. तुमी तुमचा काटा बघितला व्हता का?"

नव्हता बघितला. त्या रात्री मी एका पेल्यात काठोकाठ बर्फाचा चुरा भरला, त्यात थोडं पाणी ओतलं, ढवळलं आणि सळईचं टोक मधोमध धरलं. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं होतं. दिसले पाच. म्हणजे ७४ च्या जागी मी मुलांना जेमतेम ६९ अंशांची कोंबडी खाऊ घातली होती, आणि तीही सळईच्या टोकाशी जिथे असेल तिथे. हाडाजवळ किती होते, देव जाणे.

आता कोणी म्हणेल, आपल्या आज्या-पणज्यांनी कुठे थर्मामीटर वापरले? खरं आहे. पण त्यांच्याकडेही मोजमाप होतंच. भोरहून वरंध घाट किंवा वेल्ह्याकडून मढे घाट उतरला की खाली रायगड जिल्हा लागतो. तिथे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि हल्ली कोंबडीही भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. पोपटी झाली की नाही हे पाहायला मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब चर्रकन उडून गेले की मडकं उतरवायचं. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा पारखलेला काटाच आहे. मडकं तेच, भरण्याची रीत तीच, जाळही तेवढाच, म्हणून तो चुकत नाही. धुराची भट्टी आपल्याला नवी. तिचा अंदाज आपल्या हाताला नाही.

शिवाय धुरावरच्या मांसात डोळेही फसतात. धुरातल्या वायूंमुळे मांसाच्या कडेला गुलाबी रंग धरतो आणि तो पुरतं शिजल्यावरही जात नाही. उलट आत कच्चं असलेलं मांसही वरून छान तपकिरी दिसू शकतं. तेव्हा रंगावर भरवसा नको. कोंबडी आतून ७४ अंश, खिमा ७१ अंश आणि मटणाचा सलग तुकडा किमान ६३ अंश होऊन वर तीन मिनिटं मुरलेला, हे सर्वमान्य आकडे लक्षात ठेवावेत. पाच ते साठ अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मंद आचेवर मांस या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून भट्टीतली हवाही शंभराच्या वर, साधारण ११० ते १३० अंशांवर ठेवावी लागते. आणि पुण्याहून येताना मसाल्यातली कोंबडी बर्फाच्या पेटीतूनच आणावी.

मटणाची रान लावली असेल तर आणखी एक गंमत होते. तापमान भराभर चढतं आणि पासष्ट-सत्तरच्या आसपास येऊन तासन्‌तास अडतं. नवशिक्याला वाटतं यंत्र बिघडलं, आणि तो कोळसा वाढवतो. यंत्र बिघडलेलं नसतं. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होत असतं आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. आपला माठ पाणी गार करतो तो याच न्यायाने. थांबावं. पाणी आटलं की काटा पुन्हा चढतो.

मग यंत्र घ्यावं कोणतं? दुकानदार आधी पल्ला सांगतो, शंभर मीटर, दोनशे मीटर. हा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. लोखंडी झाकण लहरी अडवतं, भिंत अडवते, मध्ये उभी राहिलेली माणसंसुद्धा अडवतात. ज्यात सळईपासून निघालेली तार झाकणाबाहेरच्या डबीला जोडलेली असते आणि पुढचा संदेश बिनतारी जातो, ते यंत्र अशा भट्टीला जास्त भरवशाचं. सळईतच सगळं सामावलेली यंत्रं सुटसुटीत खरी, पण त्यांची लहर झाकणाआडून बाहेर पडायची असते, आणि आतली बॅटरी फार उष्णता सोसत नाही. म्हणून अशी सळई खुणेपर्यंत मांसात बुडलेलीच पाहिजे.

दुसरं, केवळ इंटरनेटवर चालणारं यंत्र या भागात नको. तोरणा-राजगडाच्या कुशीत मोबाईलच्या रेघा येतात आणि जातात. स्वतःचं छोटं आकड्यांचं यंत्र सोबत असेल आणि संपर्क तुटल्यावर ते ओरडून सांगत असेल, तर उत्तम. संपर्क तुटूनही शेवटचाच आकडा दाखवत बसणारं यंत्र सर्वांत धोक्याचं. दोन सळया असाव्यात, एक मांसासाठी आणि एक भट्टीतल्या हवेसाठी. झाकणावरचा गोल काटा वरच्या हवेची आच सांगतो, मांसाशेजारची नव्हे. आकडे सेल्सिअसमध्ये आहेत की फॅरनहाइटमध्ये, तेही सुरू करतानाच पाहावं.

आणि तिसरं, ज्याचा आकडा जुळवून घेता येतो असंच यंत्र घ्यावं. घरी आणल्याबरोबर बर्फाची कसोटी लावावी. उकळत्या पाण्याचीही लावता येते, पण इथे एक मेख आहे. पाणी शंभर अंशांवर उकळतं ते समुद्रसपाटीला. दर तीनशे मीटरला हा आकडा साधारण एका अंशाने उतरतो. भोरच्या आसपास पाणी ९८ च्या सुमाराला उकळतं आणि चौदाशे मीटरच्या तोरण्याच्या माथ्यावर चूल मांडली तर ९५-९६ ला. तेव्हा इथे ९८ दाखवणाऱ्या यंत्राला खोटं म्हणू नये. शंभर दाखवणाऱ्याचाच संशय घ्यावा.

यंत्र खरं असलं तरी सळई चुकीच्या जागी असेल तर उपयोग नाही. टोक सर्वांत जाड भागाच्या मधोमध असावं, हाडाला टेकू नये, आरपार जाऊ नये. शेवटी दोन-तीन ठिकाणी टोचून पाहावं आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा मानावा. जळण आंबा, जांभूळ, बाभूळ असं माहितीतलं, वाळलेलं आणि शेतकऱ्याकडून घेतलेलं असावं. रंग दिलेली फळी नको आणि कण्हेर तर मुळीच नको, ती विषारी.

यंदा जानेवारीत पुन्हा त्याच काठी गेलो. भाचीही होती. भट्टी पेटवण्याआधी मी पेल्यात बर्फ घेतला आणि सळई तिच्याच हातात दिली. तिने बराच वेळ आकड्याकडे पाहिलं आणि ओरडली, "मामा, शून्य!" पलीकडे बांधावर बसलेल्या मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता चढवा पोतं."

त्या रात्री जेवायला साडेदहा वाजले. मुलं पेंगुळली होती, दोघं तर तशीच झोपून गेली. तीन ठिकाणी टोचून तिन्ही आकडे पंचाहत्तरच्या वर आल्याशिवाय मी ताट वाढलं नाही. बहिणीने पहिला तुकडा उचलला, हाडाजवळ मोडून पाहिला आणि मग लेकीच्या ताटात ठेवला. या वेळीही ती काही बोलली नाही.