चष्मा घालवण्याआधी एक तपासणी

घरातल्या तरुण मुलाचा किंवा मुलीचा नंबर वरचेवर बदलत असेल आणि 'लग्नाआधी लेझरने चष्मा घालवून टाकू' असे बोलणे चालले असेल, तर पुढील माहिती अवश्य वाचा.

डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. डोळ्याच्या आतला दाब त्याला सतत बाहेर ढकलतो आणि कोलॅजेनचे धागे तो दाब सोसून गोलाई टिकवतात. धागे कमजोर झाले की झिजलेल्या सायकल-ट्यूबसारखा पडदा एका जागी पातळ होऊन पुढे येतो. हा केराटोकोनस. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. तिरपा नंबर वाढत जातो आणि नवा चष्मा लावूनही अक्षरे पसरलेलीच दिसतात. डोळे चोळण्याने तो बळावतो. वसतिगृहातली मुले धुळीने डोळे खाजले की मुठीने चोळत बसतात, तेव्हा मी लगेच हात धरते तो यासाठीच.

लेझरने नंबर काढताना कॉर्निया आणखी पातळ केला जातो. मुळातच कमजोर असलेला पडदा त्यानंतर फुगू शकतो. लॅसिकनंतर असे घडलेले रुग्ण जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर यांनी 1998 मध्ये नोंदवले. म्हणून शस्त्रक्रियेआधी कॉर्नियाचा आकार आणि जाडी मोजतात. पण आकार बिघडण्याआधीच बळकटी कमी झालेली असू शकते. ती कशी मोजायची?

यंत्रातून हवेची बारीक फुंकर डोळ्यावर सोडतात. कॉर्निया क्षणभर आत दबतो आणि परत येतो. दुखत नाही, फक्त दचकायला होते. एका यंत्रात आत जाताना आणि परत येताना पडदा सपाट होतो, त्या दोन क्षणींच्या दाबांतला फरक मोजतात. दुसऱ्यात सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे घेणारा कॅमेरा तो किती आणि कसा दबला हे टिपतो. केराटोकोनसमध्ये पडदा जास्त दबतो. तरीही निरोगी आणि आजारी डोळ्यांचे आकडे काही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, म्हणून एकाच आकड्यावर निर्णय घेत नाहीत. आणखी एक गोष्ट: कॉर्निया मऊ असला की डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

आजार वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंग करतात. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे विकसित झाली. मूळ पद्धतीत अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचे, थेंब घालून नंतर अर्धा तास अतिनील किरण देतात. धाग्यांमध्ये नवे जोड तयार होऊन पडदा कडक होतो. यामुळे बहुतेकांचा आजार थांबतो, पण गेलेली नजर सहसा पूर्ण परत येत नाही. तेव्हा नंबर सारखा बदलणाऱ्या मुलाला केवळ चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, 'डॉक्टर, याचा कॉर्निया तपासला का?'