उद्या फळ्यावर काय?

"काकाजी, उद्याचं काय टाकू?"

रात्रीचे साडेनऊ वाजले, की पुतण्याचा हा फोन ठरलेला. जेवण झालं का, औषध घेतलं का, हे सगळं नंतर. आधी उद्याचं काय, ते सांगा. पोरगा चांदूर बाजारात आमचं वडिलोपार्जित दुकान चालवतो. दुकान लोखंडी सामानाचं. विळे, पावशा, फावडी, घमेली, वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा, तारेची जाळी, फवारणीचे पंप, खिळेमोळे. थोडक्यात, ज्यात नवं असं काही घडत नाही, असा धंदा. फावडं काल होतं तसंच आज आहे आणि उद्याही तसंच राहणार. मग त्याच्याविषयी रोज नवं काय सांगायचं?

आणि सांगायला तर हवंच, असं त्याच्या मनानं घेतलेलं. आमचा भाऊ गेल्यापासून दुकानाची घडी विस्कटली होती. लोक अमरावतीहून माल आणतात, काही तर मोबाइलवरच मागवतात आणि घरपोच डबा येतो. कुणी तरी त्याला सांगितलं, की गिऱ्हाईक मोबाइलवर गेलंय तर तूही मोबाइलवर जा. शहरातल्या एका माणसाला महिन्याला दोन हजार रुपये देऊन त्यानं रोजची चित्रं बनवून घ्यायला सुरुवात केली. सूर्योदयाचं चित्र, त्यावर 'शुभ सकाळ' आणि खाली आमच्या दुकानाचं नाव. एकादशीला विठोबा, चतुर्थीला गणपती, रविवारी एखादा सुविचार. दीड महिन्यात ही विहीर आटली. चित्रवाल्यानं तोच सूर्योदय दुसऱ्यांदा पाठवला, तेव्हा पोरानं पैसे बंद केले आणि मला फोन सुरू केला. मी निवृत्त मास्तर, म्हणजे माझ्याकडे सुविचारांचं कोठार असणार, असा त्याचा समज.

मी चार दिवस सुविचार पुरवले. पाचव्या दिवशी तो सहज म्हणाला, "काकाजी, पोळ्यापर्यंत पाह्यतो. नाहीतर दुकान देऊन टाकतो भाड्यानं, अन् जातो पुण्याले." वहिनी मागं भांडी आवरत होत्या. त्यांचा आवाज थांबला, तो मला फोनवरही कळला.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांपुढे सारखा बाबांचा फळा येत होता.

दुकानाच्या उजव्या खांबाला बाबांनी शाळेत असतो तसा काळा फळा टांगला होता. रोज सकाळी दुकान झाडून झालं, की ते खडूनं त्यावर चार ओळी लिहीत. गंमत अशी, की त्या ओळींत आमच्या दुकानाचं नाव कधीही नसे. कापसाचा कालचा भाव, बदललेली एस.टी.ची वेळ, कुणाचा बैल सुटला, कुणाला रोवणीला माणसं हवीत. क्वचित गावात कुणी गेलं, तर अंत्ययात्रेची वेळ. 'चांदूर रेल्वेची मनिऑर्डर चुकून इकडे आली आहे, मालकानं पोस्टात चौकशी करावी', अशी एक ओळ मला अजून आठवते. दोन चांदूरांचा हा घोळ आमच्या जिल्ह्यात जुनाच आहे. लोक फळा वाचायला थांबत आणि थांबले, की कुणाला खिळे आठवत, कुणाला दोर.

पण बाबा रोज नवं आणत कुठून? लहानपणी वाटे, त्यांना सगळंच माहीत आहे. आता कळतं, की तसं नव्हतं. उधारीच्या वहीची शेवटची दहा-बारा पानं ते कोरी ठेवत आणि गिऱ्हाइकानं काही विचारलं, की तिथे टिपून घेत. 'दांडा ढिला होतो, काय करावं?' 'पंपाची वायसर कुठं मिळेल?' उत्तर ठाऊक नसलं, तर सुताराला, लोहाराला, कृषी सहायकाला विचारून येत. दोन दिवसांनी ते उत्तर फळ्यावर. डोक्यातून काढायचं नाही, समोरच्या तोंडातून येऊ द्यायचं, ही त्यांची रीत होती. तिला रीत म्हणतात, हेही त्यांना ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी मी पोराला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लोखंडाच्या दुकानदाराला तिच्याइतकी जवळची गोष्ट दुसरी नसेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकरी मानत. नांगर पडून राहिले. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर खपू लागला, तरी माणसांशी बोलत राहायची गरज संपली नव्हती. 1920 मध्ये कारखान्यानं 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र सुरू केलं. ते चालवलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. (इथे माझा पुतण्या जरा ताठ बसला.) शंकरराव हाडाचे चित्रकार. कारखान्याचं पत्र म्हणजे मालाचे भाव आणि मालकाचे फोटो, एवढ्यावर ते थांबले नाहीत. वाचणाऱ्याच्या आयुष्यात काय चाललंय, तिकडे त्यांनी तोंड वळवलं. त्या पत्राचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यानं मराठी घरांतल्या बायकांना त्यांचं मासिक दिलं. आमच्या आईच्या उशाशी 'स्त्री'चे अंक असत. त्यांचं मूळ नांगराच्या फाळाशी आहे, हे तिला कुणी सांगितलं असतं, तर ती हसली असती.

ही हुशारी एकट्या किर्लोस्करांची नव्हे. अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डीअर कंपनीनं 1895 मध्येच शेतकऱ्यांसाठी एक पत्र काढलं आणि नाव ठेवलं 'द फरो', म्हणजे नांगराचं तास. ते अजून निघतं. फ्रान्सच्या मिशेलिननं 1900 मध्ये मोटारवाल्यांना फुकट पुस्तिका वाटली. तीत टायर कसा बदलावा हे तर होतंच, पण वाटेत जेवावं कुठं, मुक्काम कुठं करावा, हेही होतं. मोटार जितकी जास्त फिरेल, तितका टायर झिजेल, असा सरळ हिशेब. आपल्याकडे जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'नं 1973 पासून तारखेच्या पानामागे वाचायला मजकूर दिला, आणि पान उलटायच्या दिवशी बायका आधी मागची बाजू वाचू लागल्या. अमूलची छोटी मुलगी तर 1966 पासून लोण्याबद्दल कमी आणि त्या आठवड्यात देशात काय घडलं, त्याबद्दलच जास्त बोलते.

"हे सारे मोठे लोक," पोरगा म्हणाला. "माह्याजवळ काय आहे?"

"तुझ्याजवळ गल्ला आहे अन् त्याच्यासमोर उभं राहणारा माणूस आहे. शंभर पानी वही घे."

वही आली. पहिल्या दिवशी कोरी. दुसऱ्या दिवशी एकच ओळ, 'उधार मिळते का?' तिसऱ्या दिवशी मात्र संत्र्याच्या बागेचा एक मालक आला आणि मोठं घमेलं मागू लागला. कशाला, म्हणून पोरानं विचारलं, तर म्हणाला, बोर्डोमलम कालवायला. आमच्या भागात सल काढली, म्हणजे संत्र्याच्या वाळलेल्या फांद्या छाटल्या, की झाडाच्या बुंध्याला हा मलम लावतात. डिंक्या रोगाला त्यानं आळा बसतो. मोरचूद आणि चुना यांचा हा मलम लोखंडी भांड्यात कालवायचा नसतो. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि औषध वाया जातं. त्याला प्लास्टिकची बादली हवी. आता आम्ही घमेली विकणारे, प्लास्टिकच्या बादल्या समोरच्या दुकानात. पोरानं क्षणभर विचार केला आणि त्याला समोर पाठवलं. माझ्या मते, दुकान वाचलं असेल तर ते त्या क्षणी. पोराला ते मान्य नाही. तो म्हणतो, घमेलं तर गेलंच ना.

रात्री फोन आला तो विचारायला नव्हे, सांगायला. "काकाजी, उद्या हेच टाकतो." त्यानं टाकलं. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळा विरघळवा, एक किलो चुना दुसऱ्या पाच लिटरांत वेगळा कालवा, मग दोन्ही एकत्र करून ढवळा. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा, बुंध्याला तीनेक फुटांपर्यंत लावा.

उत्तम लिहिलं होतं. फक्त घाईत पाणी एकूण शंभर लिटर पडलं. शंभर लिटर हे फवारणीच्या मिश्रणाचं प्रमाण, मलमाचं दहा. सकाळी सात वाजता एका म्हाताऱ्या बागाइतदाराचा फोन. "काबे, हा मलम हाय का कढी?" पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, पुसून टाकतो, दोन तासांत कुणी पाहिलं असेल? मी म्हटलं, आबाजींनी एकदा एस.टी.ची वेळ चुकवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काल माझी चूक झाली.' पोरानंही तसंच केलं. नव्या खडूनं फळ्यावर आणि त्या फळ्याचा फोटो मोबाइलवर. हो, फळा पुन्हा टांगला होता. माळ्यावर उंदरांनी चौकट कुरतडली होती, पण पाटी शाबूत.

चुकीच्या त्या कबुलीनंतर वहीत जास्त प्रश्न यायला लागले, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

पावसाळ्यात एक बाई आली. पंपाचं नोझल घ्यायला. नवरा दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणीला जातो. पैसे मोजता मोजता तिनं विचारलं, "भाऊ, त्यायचे फवारणीचे कपडे लेकराच्या कपड्यात धुतले तर चालते का हो?" पोरानं ते वहीत लिहिलं आणि मला रात्रीची वाट न पाहता दुपारीच फोन केला. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते साल आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. तरी हातमोजे आणि तोंडावरचे मुखवटे आमच्याच दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडले होते. मागितले नाहीत, म्हणून दाखवले नाहीत. पंप मात्र रोज विकत होतो.

कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारून त्यानं चार दिवस फक्त हेच लिहिलं. कपडे वेगळे धुवा, उघड्या हातानं नको, साबण भरपूर, आणि गुरं पाणी पितात त्या नाल्यावर तर मुळीच नको. वाऱ्याच्या उलट फवारू नका. नोझल तुंबलं, तर तोंडानं फुंकू नका, बारीक काडी वापरा. शेवटची ओळ वाचून गावातले अर्धे पुरुष चपापले असणार. कारण फुंकतात सगळेच, मीही फुंकलंय.

आठवड्यानं ती बाई पुन्हा आली. हातमोज्यांचे दोन जोड घेऊन गेली.

आता वहीला स्वतःचं पंचांग आलंय. रोहिणीत तिफणीची दुरुस्ती, मृगात डवऱ्याच्या पासा, खंडेनवमीला अवजारांची पूजा आणि त्याआधी त्यांचा गंज कसा काढावा ते, डिसेंबरात बहिरमची यात्रा. बहिरम आमच्याच तालुक्यात. यात्रेतली हंडी आणि रोडगे खायला लोक लांबून येतात, तेव्हा त्यानं लिहिलं, रोडगे भाजायची गोवऱ्यांची आर कशी लावावी. माहिती अर्थात वहिनींची. त्या म्हणाल्या, माह्यं नाव नको टाकू. त्यानं टाकलं नाही, पण गावाला कळलंच. धंदा किती वाढला, म्हणून मी विचारलं, तर तो नीट सांगत नाही. दुकानदार कधीच सांगत नाहीत. पोळा होऊन गेला, पुण्याचा विषय निघाला नाही, एवढं मी पाहिलं.

रात्रीचा फोन मात्र हल्ली चुकतो. परवा मीच लावला. म्हटलं, उद्याचं काय? तर म्हणाला, वहीत एका पोरीचा प्रश्न अडकलाय. तान्ह्या पोळ्याचा तिचा लाकडी नंदी फिका पडला, तो पुन्हा रंगवायचाय. पण घरातलं धाकटं भावंड नंदीची शिंगं चोखतं. तर असा रंग कोणता?

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही सांगतलं अजून. उद्या सुताराकडे जातो, त्याले नसंल माहीत तर अमरावतीले."

आणि त्यानं फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं होतं म्हणे.