सुनेचं ताट आणि नातवंडांची तब्येत



"साखरेचा आजार आमच्या घराण्यातच आहे," असं आपण सहज म्हणतो. काही अंशी ते खरंही आहे. पण आईवडिलांकडून काय आलं एवढ्यावरच सगळं ठरत नाही. आलेल्यातलं काय चालू राहतं आणि काय बंद, यावरही ठरतं.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा धागा असतो. सरळ केला तर साधारण २ मीटर भरेल. हा धागा प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे तो घट्ट असतो तिथली माहिती पेशीला वाचता येत नाही. सैल असेल तिथलीच वाचता येते. कुठे घट्ट, कुठे सैल, हे धाग्यावरच्या आणि रिळांवरच्या रासायनिक खुणांवर ठरतं. म्हणून तर डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत धागा तोच, काम मात्र वेगळं. या खुणा चुकल्या तर आजारही होतात. कॅन्सरला आवर घालणारं जनुक कधी कधी असंच बंद पडतं.

यातल्या बऱ्याच खुणा गर्भातच पडतात, आणि त्यासाठी फोलिक ॲसिड व बी-१२ लागतं.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे मोठी उपासमार झाली. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या.

आपल्याकडे पुण्याजवळच्या ६ गावांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. पुष्कळ जणींना बी-१२ कमी होतं. ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलिक जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारे बदल जास्त दिसले.

म्हणून फोलिकच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत हं! त्या चालूच ठेवा, जोडीला बी-१२ कडेही बघा. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. तपासणीबद्दल आशाताईंना विचारा.

डोहाळजेवणाचं ताट सातव्या महिन्यात सजतं, पण खुणा पहिल्या आठवड्यांतच पडू लागतात. तेव्हा सुनेनं सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं, ही रीत मोडू या. सगळं दूध डेअरीला घालण्याआधी पेलाभर तिच्यासाठी काढून ठेवा.

आणि बाळ अशक्त निघालं तर आईला बोल लावू नका. तिच्या ताटात काय पडतं, ते ती एकटी ठरवत नाही.